वाघिणीतल्या तीन काडेपेट्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, की हा माणूस काहीतरी लपवतोय. घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतो. त्या काळी दार तर मी लावतच नसे, आपटायचो. आपटल्याचा आवाज कानात पडला नाही, तर दार लागलं यावर माझा विश्वास बसत नसे.

आणि अशा माणसाला बायको मिळाली शनिशिंगणापूरची! तिथे घरांना दारंच नसतात. चौकट असते, आणि कुत्रं आत शिरू नये म्हणून आडवी टेकवलेली एक फळी. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा दुपारी जेवून आडवा झालो तर डोळा लागेना. घड्याळ उशाखाली, चपला खाटेखाली ओढून घेतलेल्या. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "जावईबापू, हितं देव राखन करतो. निवांत झोपा." मला देवाचाही तेवढा भरवसा नव्हता. पुढे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये संसार मांडल्यावर बायको रोज एकदा तरी म्हणायची, "अहो, दारानं काय घोडं मारलंय तुमचं? रोज त्याला मारताय ते!"

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. दौंड-मनमाड लाईनवर, नगर जिल्ह्यातल्या एका स्टेशनात मी मालबाबू म्हणून रुजू झालो. स्टेशनचं नाव सांगत नाही. इथून साखर आणि कांदा जायचा. सिमेंट, कोळसा आणि पुढे दुष्काळात मिलोची, म्हणजे अमेरिकेच्या लाल ज्वारीची, पोती यायची. शिवाय राहाता-शिर्डीच्या दुकानदारांचा किरकोळ माल यायचा. भांडी, कंदिलाच्या काचा, आणि उत्तरेकडून काचेच्या बांगड्यांच्या पेट्या.

बांगड्या मागवायचे ते राहात्याचे मणियार चाचा. म्हातारे, दाढीला मेंदी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांचं शिर्डीतही बांगड्यांचं दुकान होतं. मी रुजू होऊन दोनच महिने झाले असतील. चाचांनी मालधक्क्यावर पेटी उघडली आणि माझ्यापुढे धरली. गवतात गुंडाळलेल्या बांगड्यांतून काचेचा चुरा गळत होता.

"बाबूसाब, लई वाढली काकणं," ते म्हणाले. बांगडी फुटली असं म्हणणं अशुभ, म्हणून आपल्या बायका ती वाढली म्हणतात. आयुष्यभर बायकांचे हात धरून बांगड्या भरलेल्या चाचांच्या तोंडीही तेच बसलेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी अर्ज दिला. "तीस वर्षं काकणं मागवतो. आसं कधी हुत नव्हतं," एवढंच बोलले आणि पेटी डोक्यावर घेऊन गेले.

माझ्या मनात शंकेची पाल पहिल्याच पेटीला चुकचुकली होती, आणि ती चुकचुकत होती शंटिंग जमादाराच्या नावानं.

शंटिंग म्हणजे काय ते सांगतो. मालगाडी आमच्या स्टेशनची वाघीण, म्हणजे मालाचा बंद डबा, यार्डात सोडून पुढे निघून जाते. मग शंटिंगचं इंजिन त्या वाघिणीला ढकलतं आणि मध्येच सोडून देतं. वाघीण आपली आपण घरंगळत जाते आणि मालधक्क्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या वाघिणीला जाऊन टेकते. टेकते तिथे दोन्हीकडे बफर असतात, म्हणजे स्प्रिंगवर बसवलेले लोखंडी थाळे. वाघीण हळू आली तर बफर नुसते दबतात. जोरात आली तर आतला माल उताणा.

हे सगळं जमादाराच्या हातात. पंचावन्नच्या पुढचा, उंच, काटक माणूस, जवळच्याच गावचा शेतकरी घरातला. त्यांची एक रीत होती. वाघीण सुटली की तिच्या अंगावर उजवा तळवा टेकवायचा आणि तिच्याबरोबर चालत जायचं. पळायचं नाही, थांबायचंही नाही. वाघीण पुढे जाऊन तळवा सुटायला लागला, तर ती फार वेगात आहे असं समजून ते रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याला ओरडायचे आणि तो ब्रेकच्या दांड्यावर लोंबकळायचा. "डबा मानसाच्या चालीनं चालला पायजे," ते म्हणायचे. "माझ्या म्होरं गेला तर तो माझा न्हाई."

मला हे नाटक वाटायचं. शिवाय प्रत्येक वाघिणीला हात लावायच्या आधी ते मला विचारायचे, "बाबू, यात काय हाय?"

का? शंटिंग करणाऱ्याला आतल्या मालाशी काय करायचंय? सिमेंट असो की काच, ढकलायचं ते ढकलायचंच. ज्याला आतलं जाणून घ्यायची एवढी हौस, त्याच्या मनात काहीतरी आहे, असं मी ठरवून टाकलं. मी कधी सरळ उत्तर देत नसे. "माल आहे," एवढंच म्हणायचो.

एवढ्यावर मी थांबलो नव्हतो. माझ्या आधीचे बाबू वाघिणीचं शिशाचं सील मालधक्क्यावर आल्यावरच तोडत. मी आल्यापासून रीत बदलली. वाघीण यार्डात सुटली रे सुटली, की एका हमालाला घेऊन मी तिथेच सील तोडायचो, दार उघडून डाग, म्हणजे मालाचे नग, मोजायचो, दार लावायचो आणि माझं स्वतःचं सील ठोकायचो. मधल्या मध्ये कुणी हात मारायला नको. स्टेशनमास्तरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग परवानगी दिली. मला माझ्या हुशारीचा अभिमान होता.

अर्ज आल्यावर स्टेशनमास्तर म्हणाले, "तुम्ही सायन्स शिकलात ना? मग शोधून काढा काय होतंय ते." मी इंटर सायन्सला भौतिकशास्त्रात गचकलो होतो, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. नापास झालेल्या विषयात कुणी आपल्याला पंडित समजलं, की माणसाला जरा जास्तच चेव चढतो.

आधी मी वेग मोजला. रुळाखालचे वीस स्लीपर ओलांडायला वाघिणीला किती सेकंद लागतात, ते हातातल्या घड्याळावर पाहिलं. पाच वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी वेग माणसाच्या चालण्याइतकाच. दुसरा कुणी असता तर इथे म्हणाला असता, की जमादार निर्दोष आहे. मी म्हणालो, मी बघतोय म्हणून हा हळू घेतोय. नाहीतर इतका नेमका वेग दर वेळी येईलच कसा?

म्हणजे मी नसताना बघणारं काहीतरी हवं. मग मला काडेपेटी सुचली. यार्डात दार उघडल्यावर मी आत, दाराजवळच्या मोकळ्या जागी तीन काडेपेट्या ठेवल्या. एक आडवी, एक कडेवर, एक डोक्यावर उभी. आडवी फार मोठ्या धक्क्याशिवाय हलणार नाही, कडेवरची जरा मोठ्या धक्क्याने पडेल, उभी थोडक्यात पडेल. वाघिणीचा वेग टक्कर होताना किती झटकन मोडला, ते या तीन पेट्या मला सांगणार होत्या. पुस्तकात त्याला ऋण त्वरण म्हणतात. मी दार लावलं, सील ठोकलं आणि हात झटकून ऑफिसात येऊन बसलो, जमादाराला पूर्ण मोकळीक देऊन.

मालधक्क्यावर दार उघडलं तर उभी पेटी पडलेली, कडेवरची पडलेली आणि आडवी चांगली वीतभर सरकलेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आनंद झाला. आणखी दोन वाघिणींना तोच प्रयोग केला, तोच निकाल. मग दीड पानाचा अहवाल लिहिला, त्यात पेट्यांची आकृतीही काढली. चौकशीला वरचे साहेब आले. त्यांनी जमादारांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "साहेब, डबा माझ्या हाताम्होरं गेला न्हाई." दोनदा विचारलं, दोनदा तेच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, माणूस खोटं बोलेल, काडेपेटी बोलणार नाही."

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

निवृत्तीला वर्ष राहिलेल्या त्या माणसाला शंटिंगवरून काढलं आणि तीन मैलांवरच्या फाटकावर गेटमन म्हणून बसवलं. कागदावर कारण लिहिलं होतं: निष्काळजीपणा. हिरवा-लाल झेंडा त्यांनी नव्या जमादाराच्या हातात दिला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि चालत निघून गेले. बघत नाही म्हणजे मनात पाप आहे, असं तेव्हाही मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! चोर कोण, हे मात्र अजून कळायचं होतं.

त्यानंतर दीड महिना बांगड्यांचा माल आलाच नाही. दुष्काळ होता, काकणं कोण भरणार? मग एकदा दोन पेट्या आल्या. नवा जमादार माझ्या मर्जीतला, तरुण, चुणचुणीत. म्हटलं, याचंही एकदा बघून घेऊ. आता पेट्या उभ्याच राहतील आणि माझ्या अहवालावर कळस चढेल. यार्डात दार उघडलं, डाग मोजले, काडेपेट्या ठेवल्या, दार लावलं. सील ठोकायला गेलो तर वरच्या खिशात पेन नाही. डाग मोजताना आतच ठेवलेलं. इंजिन अजून लांब, पाण्याच्या नळाखाली उभं होतं. वाघीण जागची हललेली नव्हती. मी कडी काढून दार पुन्हा उघडलं.

उभी आणि कडेवरची, दोन्ही काडेपेट्या पडलेल्या होत्या. तिसरी सरकलेली.

पहिला विचार आला, की हमालाने खोडी केली. त्याच्याकडे पाहिलं, तर तो बापडा खाली उभा राहून तंबाखू मळत होता. मग उंदीर आठवले. मग भूकंपसुद्धा आठवला. आपण सोडून बाकी सगळं आठवून झाल्यावर मी त्या दाराकडे पाहिलं.

वाघिणीच्या दाराला वर लोखंडी पल्ले असतात आणि खाली जाड पोलादी फळी. कडी काढली की फळी बाहेर पडून वाघिणीच्याच अंगावर आदळते. लावताना ती उचलून आत ढकलायची आणि वरून पल्ले बंद करायचे. मी कसा बंद करायचो? खांद्याने. धाडकन. घरच्यासारखं. आवाज झाला नाही तर मला चैन पडत नसे.

मी पेट्या पुन्हा मांडल्या आणि हमालाला म्हटलं, "आता तू लाव, सावकाश." फळी हातांवर अलगद उतरवून पाहिलं, पेट्या उभ्या. मग माझ्या पद्धतीने लावलं. उघडलं. पडलेल्या. हमाल तंबाखू मळायचा थांबला. "बाबू, मालधक्क्यावर आमी फळीखाली पोतं ठिवतो," तो म्हणाला. "भुसकट भरल्यालं. जमादारांनीच शिवून दिल्यालं हाय. हितं यार्डात पोतं न्हाई."

ते पोतं मी रोज बघत होतो. मला ते आळशी हमालांचं बसायचं आसन वाटायचं.

इंटरला जे डोक्यात शिरलं नाही ते त्या दुपारी शिरलं. वेगाने काही मोडत नाही. तो वेग किती जागेत आणि किती वेळात संपतो त्यावर सगळं असतं. बैलगाडीतून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो ते त्यासाठीच. जमादारांची वाघीण माणसाच्या चालीने यायची आणि बफरच्या स्प्रिंगवर चार बोटं दबत दबत थांबायची. माझं दारही साधारण त्याच चालीने यायचं, पण ते लोखंडावर लोखंड आदळून जागच्या जागी थांबायचं, केसभरही न दबता. आणि आमच्या स्टेशनचा माल नेहमी दाराशीच रचलेला. हलक्या म्हणून बांगड्यांच्या पेट्या सगळ्यात वर, पल्ल्यांना टेकून. तीस वर्षं न वाढलेली काकणं मी आल्यापासून वाढत होती.

आता खरा भित्रेपणा सांगतो. मी कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून तपासणी बंद केली, सील मालधक्क्यावरच तोडायला लागलो, पोत्यावर फळी अलगद सोडायला लावली. बांगड्या धड यायला लागल्या. मला वाटलं, झालं, मिटलं. पण महिन्याअखेर स्टेशनमास्तरांनी खुशीत येऊन वर लिहून पाठवलं, की जमादार बदलल्यापासून नुकसान थांबले आहे. मीच ते पत्र नोंदवून रवाना केलं. त्या माणसावरचा आळ आता पक्का झाला होता, आणि तो मी माझ्या शहाणपणाने पक्का केला होता. चाचा पेटी न्यायला आले तेव्हा म्हणाले, "काकणं चांगली आली. पन बाबूसाब, जमादार आसा मानूस नव्हता." मी पावतीत मान घातली.

घरी मात्र लपलं नाही. आठवडाभराने बायकोने विचारलं, "अहो, तुमाला बरं न्हाई का? दार आपटत न्हाई तुमी हल्ली." मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. "काखेत कळसा आन् गावाला वळसा," ती म्हणाली. आणि पुढे, "मला सांगून काय उपेग? ज्याच्यावर आळ आलाय त्याला सांगा की."

रविवारी सायकल काढली. फाटक माळावर होतं, एक खोली, एक माठ, एक लिंबाचं झाड. जमादारांनी मला पाहून टोपी नीट केली आणि तांब्याभर पाणी दिलं. मी काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. पण आधी तेच बोलले.

"बाबू, काकणं आता नीट येत्यात ना?"

"येतात."

ते मान हलवत राहिले. "मंग माझाच हात जड झाला आसंल," म्हणाले. "मी लई इचार केला. डबा हाताम्होरं गेला न्हाई आसं मला वाटायचं. पन वय झालं, बाबू. आपला हात जड झाल्याला मानसाला सोताला कळत न्हाई. आधीचे बाबू काच हाय म्हनले की मी तर इंजिनच लांब सोडत हुतो, मानसांनी ढकलून घेत हुतो. म्हनून तर इचारत हुतो तुमाला, यात काय हाय म्हनून."

मी हादरलो. हा माणूस मला शिव्या देत असेल, असं धरून मी आलो होतो. त्याने स्वतःवरच संशय घेतला असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मी सांगितलं. दार, फळी, पोतं, काडेपेट्या, सगळं. अडखळत सांगितलं, पण काही गाळलं नाही. ते लांब रुळाकडे बघत ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "जमादार, माझं चुकलं."

"तोंडानं काय, बाबू," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझ्यावर आलं ते लिहून आलं. ह्ये बी लिहून द्या."

त्यांनी फाटकाच्या वहीचं पान फाडू दिलं नाही. ज्या डायरीत काडेपेट्यांच्या नोंदी होत्या, तिचंच पान मी फाडलं आणि लिंबाखाली बसून लिहिलं. जमादारांना सहीपुरतंच यायचं. मला त्यांनी तो कागद मोठ्याने दोनदा वाचायला लावला. मग घडी करून आपल्या खिशात ठेवला. "तुमच्याकडं दुसरा लिहून घ्या. हा माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." माझ्यावर आता एवढाच विश्वास उरला होता, आणि तो बरोबर होता. मी दुसरी प्रत लिहिली. तेवढ्यात घंटी वाजली. "गाडीची येळ झाली, बाजूला व्हा," म्हणून ते उठले आणि फाटकाच्या दांड्यावर तळवा ठेवून त्याच्याबरोबर चालत गेले. फाटक आवाज न करता लागलं.

ती प्रत मी वर पाठवली. माझ्यावर ठपका आला, तो यायलाच हवा होता. जमादार शेवटच्या सात महिन्यांसाठी यार्डात परत आले. हमालांनी नारळ फोडला, चाचांनी पेढे आणले. पहिल्या वाघिणीपाशी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबू, यात काय हाय?" मी लगेच सांगितलं, "काचसामान आहे, जमादार." त्यांनी इंजिन लांबच सोडवलं, तळवा टेकवला आणि चालू लागले. वाघीण बफरला टेकली, ती इतकी हलकी, की नुसती कुरकुरली.

पण जमादार तिथेच थांबले. सांधेवाल्याला म्हणाले, "जोरात लागला का रं?" पूर्वी त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक वाघिणीला विचारायला लागले, आणि मी दिसलो की मला. "बाबू, जोरात लागला का?"

"नाही हो. टेकल्याचं कळलंसुद्धा नाही," मी म्हणायचो.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, मी खरं बोलतोय की बरं वाटावं म्हणून बोलतोय, ते शोधत. ती नजर मी ओळखत होतो. इतके दिवस ती माझी होती. मग तळहात उलटा करून त्याच्याकडे एकदा बघायचे आणि पुढच्या वाघिणीकडे जायचे. सात महिन्यांत मी शंभरदा तरी नाही म्हणालो असेन, पण त्यांचा विश्वास एकदाही बसला नाही.